दादांची साक्ष

चष्म्याच्या दुकानात तो दिवसभर गिऱ्हाइकांना एकच प्रश्न विचारायचा, "हे स्पष्ट दिसतं, की हे?" एक भिंग काढून दुसरं घालायचा आणि पुन्हा तेच. वर्षातले एक्कावन्न आठवडे हा माणूस असा नाकासमोर जगायचा. बावन्नाव्या आठवड्यात मात्र गळ्यात शिट्टी यायची, आवाज दोन पट्ट्या वर चढायचा आणि तो चर्चच्या युवा शिबिराचा गटनायक व्हायचा. विनामूल्य सेवा, सलग सतरा वर्षं. वय अठ्ठेचाळीस, पोट सुटलेलं, तरी मुलांनी आपल्याला 'दादा'च म्हणावं असा त्याचा आग्रह.

त्याची बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. रोज साठ-सत्तर दंडांतून रक्त काढायची. हात हलका, जीभ तशी नव्हती. शिबिराला ती कधी गेली नव्हती, कारण ते आठ दिवस तिच्या वर्षातले सगळ्यांत शांत दिवस असत आणि ते असे वाया घालवायची तिची तयारी नव्हती. पण यंदा मुलींच्या गटाची ताई न्हाणीघरात घसरून मनगट मोडून बसली, आणि चर्चचे पाळक स्वतः घरी आले.

"आठच मुली आहेत," ते म्हणाले. "तुम्ही आलात तर मोठं काम होईल."

दारी आलेल्या पाळकांना नाही कसं म्हणायचं? ती हो म्हणाली. नवऱ्याचा चेहरा उतरला.

"अगं, तुला झेपायचं नाही. डास फार असतात तिथे," तो म्हणाला. जेवताना पुन्हा म्हणाला, बॅगा भरताना तिसऱ्यांदा म्हणाला. सव्वीस वर्षांत डासांवरून त्याने तिची काळजी कधी केली नव्हती. आपल्यासमोर मिरवायला बिचाऱ्याला संकोच वाटत असेल, असं तिने गृहीत धरलं.

शिबिर तळ्याकाठच्या एका शाळेत होतं. सुट्टीमुळे वर्ग रिकामे, बाकं भिंतीला लावलेली, खाली गाद्या. पहिल्याच दिवशी मुलांनी तिला 'काकू' करून टाकलं. म्हणजे नवरा दादा आणि बायको काकू. ती बघत राहिली. दादा शिट्टी फुंकायचे, गाणी वरच्या पट्टीत म्हणायला लावायचे, सेवेचं महत्त्व समजावून सांगायचे. भांडी घासायची वेळ झाली की नेमकी त्यांना प्रार्थना करायची असायची.

तिच्या आठ मुलींपैकी एकीला घरची आठवण येऊन उलट्या होत होत्या, एकीच्या टाचेला फोड आला होता, आणि दातांना तारा लावलेली एक कशावरही विश्वास ठेवायची नाही. तीच तिला सगळ्यांत आवडली.

तिसऱ्या दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर सगळे सभागृहात जमले. देवाने आपलं आयुष्य कसं पालटलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, याला साक्ष म्हणत. "काकू, रुमाल आहे ना?" गाण्यांना साथ देणारा गिटारवाला म्हणाला. "आज दादांची साक्ष."

दादा उठले. डोळ्यांवरचा चष्मा काढला, आवाज खाली आणला.

"मी दारुडा होतो," ते म्हणाले.

तिला आधी वाटलं, कोणाची तरी गोष्ट सांगताहेत. मग गोष्ट पुढे सरकली. सहा वर्षं सकाळपासून बाटली. बायकोची लग्नातली अंगठी विकली. ती रडत रडत लेकरू कडेवर घेऊन भर पावसात घर सोडून गेली. हे स्टेशनाच्या बाकावर पडून राहिले आणि तिथे प्रभूने त्यांना नाव घेऊन हाक मारली.

अंगठी तिच्या बोटात होती. तिने दुसरा हात अंगठीवर ठेवला. या माणसाने उभ्या आयुष्यात एकदा, तिच्या मामेबहिणीच्या लग्नात, दोन घोट वाइन घेतली होती. पाहुण्यांच्या कोटांच्या ढिगावर झोपला आणि दुसऱ्या दिवशी तिच्या लॅबमध्ये येऊन म्हणाला, जरा लिव्हर तपासून बघ. आणि घर सोडायचं म्हणाल तर घर तिच्या वडलांचं होतं. सोडावं लागलं असतं तर यालाच लागलं असतं.

सभागृहात मुसमुस चालली होती. शेजारच्या मुलीने तिचा हात हलकेच दाबला. तेव्हा तिच्या डोक्यात सणक गेली. तो खोटं बोलला ते एक वेळ ठीक, पण त्या खोट्यात त्याने तिला रडकी करून पावसात उभी केली होती, आणि तीही वर्षानुवर्षं.

बाहेर नळावर तारावालीने विचारलं, "काकू, तुम्ही त्यांना माफ कसं केलंत?"

"कशाबद्दल?"

"दारूबद्दल."

"ते दारू पीत नाहीत. कधीच पीत नव्हते."

"मग साक्ष?"

"ते त्यांना विचार."

चहाच्या वेळेपर्यंत शिबिरभर झालं होतं. तो तिला स्वयंपाकघराच्या मागे गाठून कुजबुजला, "काय केलंस हे? पोरांना आधार मिळतो त्यातून. गेल्या वर्षी एकाने सिगारेट सोडली."

"त्याने सोडली. तुम्ही काय सोडलंत?"

तो पिंपावर टेकला. "पहिल्या वर्षी सगळ्यांनी साक्ष दिली," तो म्हणाला. "एकजण तुरुंगातून आलेला, एकजण मरता मरता वाचलेला. मी उठून म्हटलं, मी चष्मे विकतो, देवावर माझा लहानपणापासून विश्वास आहे. समोरच्याने जांभई दिली गं. माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही."

तिला त्याची क्षणभर कीव आली. लग्नानंतर इतकं सरळ तो पहिल्यांदाच बोलत होता.

"मग हेच सांगा त्यांना," ती म्हणाली. त्याने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पाळकांकडे पाच मिनिटं मागितली. ती मुद्दाम पुढच्या रांगेत बसली. दादांनी चष्मा काढला.

"मी खोटारडा आहे," ते म्हणाले. "सोळा वर्षं मी असत्याच्या विळख्यात होतो. माझी पत्नी रोज रडून माझे पाय धरायची, सोडा हो हे खोटं. मी तिला झिडकारायचो."

तिला हे खोटं कळून पुरता एक दिवसही झाला नव्हता. पण त्याने तिला पुन्हा रडवली होती आणि या खेपेला पायाशीही बसवली होती.

सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. गिटारवाल्याने सूर धरला, पाळकांनी दादांना मिठी मारली, दोन मुलांनी परीक्षेत कॉपी केल्याचं रडत कबूल केलं. दारूच्या साक्षीला कधी एवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या, आणि ते दादांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

तारावाली तिच्या कानाशी आली. "काकू, हे तरी खरं का?"

"पहिलं वाक्य खरं आहे," ती म्हणाली.

त्यानंतर ती साक्ष फार चालली. दादांना दुसऱ्या दोन शिबिरांतून बोलावणं आलं. तिथे म्हणे बायको आजारीही पडते. घरी तिने एकदा विचारून बघितलं, "मला झालंय तरी काय?" तो म्हणाला, "तपशिलात काय जायचं," आणि पेपर उघडला.

ती मात्र दर वर्षी शिबिराला जाते. पाळकांना तिने एकच अट घातली आहे, साक्षीच्या तासाला तिच्या मुलींचा गट भांड्यांवर राहील. ते जरा घुटमळले, पण भांडी घासायला आपणहून कोणी पुढे येत नाही, म्हणून कबूल झाले. सभागृहात टाळ्या सुरू झाल्या की मुली तिच्याकडे बघतात. ती म्हणते, "तळाशी करपलंय, जोर लावा."