सामानाच्या टेम्पोत

"तू खाली उतर."

मी ट्रॅव्हलरमध्ये खिडकीशी बसले होते. मांडीवर पिशवी, पिशवीत आईनं दिलेल्या भाकऱ्या. मला वाटलं दुसऱ्या कुणाला सांगतायत. मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"तुलाच सांगतोय. सामानाच्या टेम्पोत बस. सामानाबरोबर कुणीतरी हवं ना."

हे आमच्या कॅप्टनचे वडील. आंब्याचे मोठे व्यापारी. आमची हॉकीची टीम, रत्नागिरी जिल्ह्याची, शाळकरी मुलींची. विभागाची स्पर्धा कोल्हापूरला होती. गाडी ठरवणं, राहणं, जेवण, सगळं यांनीच अंगावर घेतलेलं. बाकीच्या मुली त्यांना काका म्हणायच्या. मी साहेब म्हणायचे. तसं म्हणायला कुणी सांगितलं नव्हतं. तोंडात तेच यायचं.

मुलींच्या खेळाबरोबर अंबाबाईचं दर्शनही होईल म्हणून काही जणींच्या आया गाडीत बसल्या होत्या. म्हणून जागा कमी पडली. प्रवासाचे पैसे माझ्या बाबांनी सगळ्यांइतकेच भरले होते. बाबा लोट्याला केमिकल कंपनीत, ठेकेदाराकडे. सणाच्या दिवसांत त्यांनी डबल ड्युट्या केल्या त्यासाठी. पैसे साहेबांच्याच हातात दिले होते. तरी उतरायचं मीच.

मी सरांकडे पाहिलं. आमचे कोच. ते मोबाईलमध्ये बघत राहिले.

कॅप्टनची आई हसून म्हणाली, "जा गो. तुला सवय असेल. तुमच्याकडे लग्नालाही टेम्पोनंच जातात ना?"

मागे कुणीतरी हसलं. मी उतरले.

तुमच्याकडे म्हणजे कुठे, ते मला बरोबर कळलं. सरावाच्या शिबिरात याच बाईंनी विचारलं होतं, खेडमध्ये गाव कुठलं, वाडी कुठली. मी सांगितलं, बौद्धवाडी. त्या "बरं" म्हणाल्या. कोकणात वाडी विचारली की जात वेगळी विचारावी लागत नाही. त्या दिवसापासून त्यांच्या डब्यातला लाडू इतरांना हातात आणि मला कागदावर.

टेम्पो म्हणजे छोटा हत्ती. मागे स्टिका, बॅगा, माझं गोलकीपरचं किट. पुढे ड्रायव्हर आणि मी. त्याच्या तोंडात गुटखा. हातखंब्यापर्यंत ट्रॅव्हलर पुढे दिसत होती. मग ती गेली निघून. मी रस्त्याकडे बघत बसले. माझ्याकडे फोन नव्हता. बाबांचा नंबर पाठ होता, तो मनात म्हणत राहिले.

पालीला त्यानं टेम्पो थांबवला. एक माणूस चढला. याचा दोस्त. मला मधे सरकवलं. आता एका बाजूला ड्रायव्हर, दुसऱ्या बाजूला तो. त्याच्या तोंडाला दारूचा वास. गिअर माझ्या गुडघ्याला लागून. ड्रायव्हर गिअर टाकायचा, हात माझ्या गुडघ्यावर घासायचा. एकदा. मग पुन्हा. सरळ रस्ता होता, गिअर बदलायची गरज नव्हती, तरी हात येत होता. दुसरा विचारत होता, कितवीत आहेस, एकटीच कशी पाठवली, घरचे भीत नाहीत काय.

 रस्त्यात उतरावं तर किट कुणाच्या भरवशावर टाकणार. किट हरवलं तर मी टीममधून गेले. असला विचार करत होते मी तेव्हा. अंगावर हात येतोय आणि मी सामानाची काळजी करतेय. कारण मला सामानाबरोबरच बसवलं होतं.

साखरप्याला टेम्पो थांबला तेव्हा मी म्हटलं, मला मागे बसू दे, बॅगा पडतील. दोघं हसले. पण बसू दिलं.

मागे ताडपत्री होती. आत अंधार. आंबा घाट सुरू झाला आणि धुकं ताडपत्रीच्या फटीतून आत यायला लागलं. वळणावर बॅगा अंगावर येत होत्या. मी किटची बॅग उघडली. आधी पायाचे पॅड बांधले. मग छातीचं गार्ड. मग हेल्मेट. का ते तेव्हा कळत नव्हतं. हात आपोआप चालले होते. स्टिक दोन्ही हातांत धरली आणि बॅगांच्या मागे, कोपऱ्यात बसले. मैदानावर चेंडू कसाही येऊ दे, मला कधी भीती वाटली नाही. म्हणून तर गोलकीपर झाले, दुसरी कुणी तयारच नव्हती. त्या टेम्पोत मात्र माझे दात वाजत होते. हेल्मेटच्या आत तो आवाज मला ऐकू येत होता.

मधेच टेम्पो थांबला. इंजिन बंद. दरवाजा वाजला. पावलं बाजूनं मागे आली.

ताडपत्री वर झाली. तोच, दारूचा वास येणारा. त्याला आधी मी दिसलेच नाही. मग दिसले. हेल्मेटच्या जाळीआडून त्याच्याकडे बघणारं ते काहीतरी.

"काय गो, असं काय केलंस? बाहेर ये, चहा घे."

बाहेर चहाची टपरी दिसत नव्हती. धुक्यात काहीच दिसत नव्हतं.

"पुढे आलास तर मारीन," मी म्हटलं. आवाज माझा वाटत नव्हता.

तो तसाच उभा राहिला. एक हात फळीवर. मी स्टिक उचलली. ताडपत्रीला लागली, फट्ट वाजली. मागून एसटी हॉर्न देत वर आली, तिच्या दिव्यांत त्याचा मागे वळलेला अर्धा चेहरा उजळला. त्यानं शिवी दिली आणि ताडपत्री सोडली.

कदाचित चहाच देणार असेल. मला आजही माहीत नाही. माहीत करून घ्यायची पाळी एका शाळकरी मुलीवर का आणली, एवढंच मी विचारते.

कोल्हापुरात पोचले तेव्हा बाकीच्यांची जेवणं झाली होती. सर धावत आले. मला वाटलं, माझ्यासाठी आले.

"किट आलं ना सगळं?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.  पहिली मॅच आम्ही जिंकलो, दुसरी हरलो. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दोन्ही मॅचमध्ये माझी नजर मैदानाबाहेर उभ्या असलेल्या त्या टेम्पोकडे जात होती.

परतायच्या दिवशी साहेब म्हणाले, आलीस तशीच जा. मी ट्रॅव्हलरमध्ये चढले आणि पहिल्या सीटवर बसले. पाय इतके कापत होते की गुडघे एकमेकांवर आपटत होते. दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरला.

ते म्हणाले, तमाशा करू नकोस. सर म्हणाले, बाळ, जरा ॲडजस्ट कर. कॅप्टनची आई म्हणाली, आम्ही एवढं करतो तुमच्यासाठी, त्याचं हे फळ.

"पुढच्या वर्षी टीममध्ये राहायचंय ना?" साहेबांनी विचारलं.

राहायचं होतं. त्याहून जास्त मला काहीच नको होतं.

मी म्हटलं, "टेम्पोत दोन माणसं होती. ड्रायव्हर माझ्या अंगाला हात लावत होता. घाटात गाडी थांबवली आणि दुसऱ्यानं मला बाहेर बोलावलं. ती जागा चांगली असेल तर तुमच्या मुलीला बसवा."

 कॅप्टननं मान खाली घातली. माझी मैत्रीण होती ती.   कुणी त्या ड्रायव्हरला विचारायलाही गेलं नाही. साहेबांनी मागच्या सीटवरचे खरेदीचे खोके उचलून टेम्पोत टाकायला सांगितले. जागा झाली. जागा होतीच.

रत्नागिरीपर्यंत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.

पुढच्या वर्षी मला निवड चाचणीचा निरोप आला नाही. सरांना फोन केला, ते म्हणाले, तुझा स्वभाव टीमला चालत नाही. माझी हॉकी तिथे संपली. आईबाबांना मी कधीच सांगितलं नाही. बाबांनी स्वतःला दोष दिला असता.

आज मी खेडला एका दवाखान्यात कामाला आहे. भीती गेलेली नाही. ती जाते म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. अनोळखी गाडीत बसायची वेळ आली की अजून पोटऱ्या कडक होतात.

या वर्षी आमच्या वाडीतली एक मुलगी टीममध्ये आहे. नववीत. काल ती आईबरोबर आली. गाडी लहान आहे म्हणे, सामानाच्या टेम्पोबरोबर एक मुलगी लागेल, आणि तिचं नाव आलंय. तिची आई मला म्हणाली, "निवड झाली हेच मोठं. तू काय बोलू नको गो."

मी बोलणार आहे. उद्या सकाळी त्या मुलीबरोबर रत्नागिरीला जाणार आहे. ती सीटवर बसेपर्यंत मी गाडीच्या पुढ्यात उभी राहणार. पाय कापतील. कापू देत. मी बाजूला होणार नाही.