डिप्टीवरची फवारणी

आमच्या घराण्यात आजवर एकाच माणसानं विषप्रयोग केला आहे, आणि तो माणूस विज्ञानाचा शिक्षक आहे. म्हणजे मी.

विषप्रयोग झाला तो डिप्टीवर. डिप्टी हा आमचा कुत्रा. जात गावठी, रंग विटकरी, एक कान उभा, एक कान पडका. बाबांना घरात एक तरी डिप्टी कलेक्टर हवा होता. मी गोंडपिपरीजवळच्या खेड्यात मास्तर झालो, धाकटा नागपुरात मोबाईलच्या दुकानात लागला, तेव्हा बाबांनी पोरांवरची आशा सोडली आणि शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सापडलेल्या पिल्लाचं नाव डिप्टी ठेवलं. वर मला म्हणाले, "आता कोनी इचारलं का तुह्या घरी डिप्टी हाय का, त हाय म्हनता येते."

पण डिप्टी नुसता नावाचा नव्हता. आमचं शेत जंगलाला लागून. रोज सकाळी डिप्टी पुढे आणि बाबा मागे, अशी ती जोडी निघायची. दोन वर्षांपूर्वी एकदा हा तुरीच्या ओळीसमोर थांबला, अंगावरचे केस उभे केले आणि काही केल्या पुढे जाईना. बाबा परत फिरले. दुपारी वनरक्षक त्याच तुरीत वाघाच्या पंजाचे ठसे मोजत होता. तेव्हापासून बाबा डिप्टीशिवाय शेतात पाऊल टाकत नाहीत. (माझ्याशिवाय ते सत्तर वर्षं आरामात टाकत आलेले आहेत.)

तर गेल्या पावसाळ्यानंतर डिप्टीच्या अंगावर गोचिडी झाल्या. थोड्या नाही! कानात, मानेवर, बोटांच्या बेचक्यात. तो रात्रंदिवस खाजवायचा आणि हळूहळू मलूल होत चालला. बाबा म्हणाले, "त्याले दवाखान्यात ने. मले त्याच्याबिना शेतात जमत नाई."

"कोणत्या दवाखान्यात?" मी विचारलं. हा प्रश्न मी विचारला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

माझ्या बायकोनं, सुनंदानं, चंद्रपूरच्या एका कुत्र्यांच्या डॉक्टरचा नंबर मिळवला आणि फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून एका मुलीनं विचारलं, "ब्रीड कौन सी है?"

"गावठी," सुनंदा म्हणाली.

"मतलब देसी," ती म्हणाली. मग तपासणी, रक्ताची टेस्ट, इंजेक्शन, शॅम्पू, असं करत करत ती मुलगी तीन हजारांवर गेली. त्यात कुत्र्याला घेऊन जायला स्पेशल गाडी. मी फोन बंद करायला लावला. "एवढ्यात बकरी येते! तीही दूध देणारी!"

"बकरी तुमच्या बाबासमोर चालते का शेतात?" सुनंदानं विचारलं. "अवो, मंग आपल्या ढोराच्या दवाखान्यात न्या ना. तालुक्याले नवीन डाक्टरीन आली. दहा-वीस रुपयाची चिठ्ठी लागते म्हने."

आता इथे माझ्या बुद्धीचा खरा कस लागला. मी त्या डॉक्टरीणबाईंना पाहिलं होतं. वय पंचविशीचं, स्कूटीवर फिरायच्या, आणि एकदा तर भर रस्त्यात एका गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून उभ्या होत्या. मला वाटलं, दहा रुपयांत तपासणारी बाई तपासून तपासून काय तपासणार? तीन हजारांच्या डॉक्टरला मी लुटारू म्हणालो आणि दहा रुपयांच्या डॉक्टरला अडाणी. महागाचा परवडेना, फुकटाचा पटेना! अशा वेळी आमच्याकडचा माणूस जिथे जातो तिथेच मी गेलो. कृषी केंद्रात.

बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडे कपाशीवर काही पडलं की शेतकरी किडीसकट पान तोडतो, प्लास्टिकच्या पन्नीत घालतो आणि कृषी केंद्राच्या काउंटरवर ठेवतो. दुकानदार पान उलटंपालटं करतो आणि मागे न पाहता फळीवरून बाटली काढतो. फी नाही, रांग नाही. मी डिप्टीच्या पाच गोचिडी काढल्या, माचिसच्या डबीत भरल्या आणि रविवारी सकाळी नामदेवभाऊंच्या काउंटरवर नेऊन ठेवल्या.

दुकान गच्च भरलेलं. त्यात निम्मे माझ्या विद्यार्थ्यांचे बाप. नामदेवभाऊंनी डबी उघडली, चष्मा वर केला. "मास्तर, हे कोन्या पिकावर पडलं?"

कुत्र्यावर, असं सरळ सांगायचं. पण सगळे मान वळवून माझ्याकडे पाहत होते. सायन्सचे सर कुत्र्याचं औषध बियाण्याच्या दुकानात घ्यायला आले, हे गावभर व्हायला किती वेळ? मी म्हणालो, "परसात आहे."

"परसात काय लावलं हाय?"

"आहे थोडं थोडं सगळंच."

नामदेवभाऊंनी लहान बाटली काढली. "मंग हे मारून द्या. काईच जित्तं राह्यत नाई." (या वाक्यावर मी थांबायला हवं होतं. मी मात्र ऐंशी रुपये देऊन खुशीत निघालो!)

घरी कुणीच नव्हतं. बाबा आठवडी बाजारात, सुनंदा बचतगटाच्या मीटिंगला. मी पाठीवरचा पंप काढला. नववीच्या वर्गात दरवर्षी मी कीटकनाशकांवर एक तास घेतो. हातमोजे घाला, तोंडाला रुमाल बांधा, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. त्या दिवशी मी ती सगळी काळजी घेतली. फक्त स्वतःची.

डिप्टीला बोरीच्या झाडाला बांधलं आणि फवारा सोडला. तो जागचा हलला नाही. शेपूट हलवत उभा होता, कारण घरचा माणूस काहीतरी करतो आहे म्हणजे बरंच करत असणार, असा त्याचा समज होता. कानात मारलं, पोटाखाली मारलं, बोटांत मारलं. दहा मिनिटांत गोचिडी टपाटपा गळायला लागल्या. मी एवढा हरखलो की फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला: 'खर्च फक्त ऐंशी रुपये!' नागपूरच्या भावानं लगेच अंगठा दाखवला.

मग डिप्टीनं अंग चाटलं. थोड्या वेळानं त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली. मला वाटलं, भूक लागली असेल, मी भाकर टाकली. त्यानं भाकरीकडे पाहिलंही नाही. मग मागचे पाय थरथरायला लागले. मी मनाशी म्हणालो, औषध काम करून राहिलंय. औषध खरंच काम करून राहिलं होतं! पाच मिनिटांत तो कुशीवर पडला आणि सगळं अंग झटके देऊ लागलं.

तेवढ्यात सुनंदा आली. तिनं पंप पाहिला, बाटली पाहिली, कुत्रा पाहिला. "माय वो! हे काय केलं तुमी?"

"गोचिडींचं औषध…"

"हे कपाशीचं हाय! तुमी शिकवता ना हे पोरायले? शिकवता का नाई?"

उत्तर द्यायला माझ्याकडे तोंड नव्हतं, आणि होतं त्यावर रुमाल बांधलेला होता. तिनं चंद्रपूरच्या त्याच डॉक्टरला फोन लावला. या वेळी डॉक्टर स्वतः बोलले, आणि चांगलं बोलले: इतक्या लांब आणण्यात वेळ घालवू नका, जवळ जो पशुवैद्य असेल त्याच्याकडे पळा. फोनचे पैसेसुद्धा लावले नाहीत. ज्यांना मी लुटारू म्हटलं ते हे.

नेमके बाबा बाजाराची पिशवी घेऊन दारात आले. डिप्टीला पाहून त्यांनी पिशवी तिथेच सोडली. वांगी अंगणभर झाली. "का झालं याले?"

"माहीत नाही," मी म्हणालो. हे माझं त्या दिवसातलं दुसरं खोटं.

डॉक्टरीणबाई शेजारच्या गावात गुरांच्या लसीकरणाला गेल्या होत्या. मी मोटारसायकल काढली, बाबा मागे बसले आणि डिप्टीला त्यांनी लहान लेकरासारखं मांडीवर आडवं घेतलं. तीन किलोमीटर मला मागून फक्त एकच आवाज येत होता. "जरासाक थांब बापा. जरासाक थांब." ते मला म्हणत नव्हते.

चिंचेखाली पन्नास बैल, गाई आणि त्यांचे मालक रांगेत उभे होते. त्या मालकांत पुन्हा निम्मे पालक! डॉक्टरीणबाईंनी हातातली सिरींज ठेवली आणि डिप्टीचे डोळे पाहिले. "काय खाल्लं यानं? अंगावर काही मारलं का? खरं सांगा, त्यावरच औषध ठरते."

आणि मी, नववी-दहावीचा वर्गशिक्षक, पन्नास माणसं आणि पन्नास बैलांसमोर म्हणालो, "काही नाही मॅडम. बाहेर काहीतरी खाऊन आला असेल."

का म्हणालो? आजही मला नीट सांगता येत नाही. समोर कुत्रा मरत होता आणि मला माझी इभ्रत दिसत होती. एवढी लाज मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटलेली नाही.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "बाई, कपाशीची दवाई हाय. पन्नास वर्सं मारली मी. गाडीवर बसल्याबरोबर वास आला मले."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. मी स्वतःच्या तोंडानं सांगेन, असं धरून त्यांनी अख्ख्या रस्त्यात मला काही विचारलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी लगेच पेटी उघडली. त्यांच्या पेटीत उताऱ्याचं इंजेक्शन होतं, कारण फवारलेला चारा खाऊन आमच्याकडे दरवर्षी गुरं येतात. त्यांनी सुई टोचली, मग दुसरी टोचली. हापशीवर नेऊन डिप्टीला साबणानं धुतलं, स्वतःच्या हातांनी. मी मदतीला पुढे झालो तर म्हणाल्या, "सर, तुम्ही जरा बाजूला उभे राहा." मी बैलांच्या रांगेत उभा राहिलो. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "हे तेच, परसात फवारा मारनारे." बातमी माझ्या आधी पोचली होती!

दोन तासांनी डिप्टीनं मान उचलली. संध्याकाळी तो बाबांच्या हातचं घोटभर पाणी प्यायला. बाबा तोंड फिरवून बराच वेळ चिंचेकडे पाहत बसले.

निघताना मी पाकीट काढलं. चंद्रपूरला तीन हजार द्यायची माझी तयारी नव्हती, पण त्या क्षणी कुणी तीस हजार मागितले असते तरी दिले असते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चिठ्ठीचे दहा रुपये. आणि हे गोचिडीचं औषध, हे दवाखान्यात असतंच. आधी आले असते तर तेव्हाच दिलं असतं." चिठ्ठीवर जनावराच्या मालकाचं नाव लिहायचं होतं. मी तोंड उघडण्याआधी बाबांनी स्वतःचं नाव सांगितलं.

डिप्टी बरा झाला. बाबांसोबत पुन्हा शेतात जाऊ लागला. मी मात्र अंगणात आलो की तो उठतो, मला मोठा वळसा घालतो आणि गोठ्यामागे जाऊन बसतो. भाकर टाकली तर आधी बाबांकडे पाहतो. बाबांनी मला एका शब्दानंही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. भांडण झालं की मिटतं तरी!

गेल्या महिन्यात बाबांना ताप आला. तीन दिवस उतरेना. मी म्हणालो, "बाबा, चला, दवाखान्यात नेतो."

बाबा खाटेवर उठून बसले. माझ्याकडे न पाहता त्यांनी आत हाक मारली. "सूनबाई, मले नेऊन दे वं त्या डाक्टरीनबाईकडे."

"बाबा, ती ढोरांची डॉक्टर आहे!" मी म्हणालो.

"असू दे. थे पयले इचारते का झालं म्हून."

सुनंदानं आपल्या स्कूटीची किल्ली घेतली. (तिनं त्यांना माणसांच्याच डॉक्टरकडे नेलं, आणि डॉक्टर तिनंच निवडला.) मीही चपला घालत होतो, तर बाबांनी हातानं थांबवलं. "तू राह्य घरी."

मी राहिलो. डिप्टी स्कूटीमागे धावत गेला, फाटक लागलं, घर रिकामं झालं. गावातल्या प्रत्येक जिवाला त्या दुपारी माझ्यापासून काडीचाही धोका नव्हता!