डाव्या हातावरचा विंचू

सुईच्या भीतीपायी मी वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षापर्यंत रक्तदान केले नव्हते. आमच्या महाविद्यालयातल्या शिबिराचे प्रास्ताविक मात्र दरवर्षी माझ्याकडेच असे. रक्तदानाची थोरवी मी इतक्या तळमळीने सांगत असे, की विद्यार्थी लगेच रांगेत उभे राहत. आणि मी त्या गर्दीच्या आडून बिस्किटांच्या पुड्यांची व्यवस्था पाहायला निघून जाई.

यंदा सुधारायचे ठरवले. ज्याची भीती वाटते त्याची थोडी थोडी सवय करावी, असे कुठेतरी वाचले होते. चैत्रात बेंबळीला, आमच्या गावी, जत्रेत गोंदणारा बसलेला दिसला आणि वाटले, सवयीला याहून चांगली जागा नाही. एक ठिपका गोंदवून सुई सोसली, की पुढे रक्तपेढी काय अवघड!

"एक ठिपका काढा," मी म्हणालो.

"ठिपका बायामाणसं काढत्यात, सायेब. तुमाला इंचू काढतो. बसा."

व्यासपीठावरून उतरलो, की माझे तोंड सहसा उघडत नाही. 'नको' म्हणण्याची मी योग्य वाक्यरचना शोधत होतो, तोवर नांगी पूर्ण झाली होती. त्यानंतर ऐन उन्हाळ्यात मी पूर्ण बाह्यांचे सदरे घालू लागलो.

श्रावणात वहिनींचे पोटाचे ऑपरेशन ठरले. त्यांच्या अंगात रक्त कमी, म्हणून डॉक्टरांनी दोन बाटल्यांची सोय करायला सांगितली. एक वहिनींच्या भावाने दिली. दादा इन्शुलिनवर, त्यांचे चालत नव्हते. आम्हा भावंडांचा आणि वहिनींचा गट एकच. तेव्हा सर्वांनी माझ्याकडे पाहिले. बाईमाणसाला विचारायचे कोणाला सुचले नाही. "मी देतो," मी म्हणालो, आणि आयुष्यात प्रथमच माझे बोलणे पहिल्याच खेपेला सर्वांना ऐकू गेले.

धाराशिवच्या रक्तपेढीत एका तरुण तंत्रज्ञ मुलीने अर्ज दिला. त्यात प्रश्न होता: गेल्या वर्षभरात अंगावर गोंदवून घेतले आहे काय? मी सुवाच्य अक्षरात 'नाही' लिहिले. विंचू डाव्या हातावर. उजवा हात निष्कलंक होता. तरी सही करताना, सहज म्हणून, विचारले, "हे कशासाठी विचारतात?"

"गोंदायची सुई कुणाकुणाच्या अंगात गेलेली असते, काका. काविळीसारखा रोग आला तर तो लगेच तपासणीत दिसतोच असं न्हाय. रक्त चढवलं की पेशंटला होतो."

त्या विंचवाची सुई कोणाकोणाला लागली होती, हे मला ठाऊक नव्हते. वर्ग भरून व्याख्याने देणारा मी, ही साधी गोष्ट कधी वाचलीही नव्हती. खोटे बोललो तर वहिनींचा जीव टांगणीला. खरे बोललो तर बाटली नाही, आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी. बाकावर वहिनींचा भाऊ आणि डबा घेऊन आलेली आमची थोरली बहीण, आक्का, बसली होती.

"मी... गोंदवले आहे," मी पुटपुटलो.

"काय? मोठ्यानं बोला, काका."

"विंचू."

"इंचू?" आक्का उठलीच. "कुठं? दाव!"

बाही वर करावी लागली. वहिनींचा भाऊ खोकल्याच्या निमित्ताने बाहेर गेला. मुलीने माझा अर्ज बाजूला ठेवला. "वर्षभर थांबा, काका."

"आता दुसरी बाटली कुठनं आणायची?" आक्काने मला विचारले. मग पदर सावरून तिने दोन्ही हात मुलीपुढे धरले. कोपरापासून मनगटापर्यंत हिरवे गोंदण. "पोरी, माझं चालतंय का? लग्नाच्या आधीचं हाय."

"जुनं चालतंय, मावशी. वजन आणि रक्त बघू."

दोन्ही पुरेसे भरले. आक्का खाटेवर निजली आणि मी डबा धरून शेजारी उभा राहिलो.

"तोंड तिकडं कर," ती म्हणाली. "तुला उचलायला इथं कुणी न्हाय."

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

ऑपरेशन नीट पार पडले. चौथ्या दिवशी भेटायला गेलो, तर सारी हकिकत माझ्याआधी तिथे पोहोचली होती. खोटा अर्ज लिहिल्याबद्दल मी क्षमा मागू लागलो, तेव्हा उशीवरूनच वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या हो, भावजी. आक्काचंच चढलं ते लई बरं झालं. तुमचं चढलं असतं तर माझं बी तोंड बंद झालं असतं."

यावर काहीतरी चतुर उत्तर द्यावे असे फार वाटले. ते मला घरी पोहोचल्यावर सुचले.