बाळ, दोन साप आणि आमचं रोमन दालन

पुण्यातल्या आमच्या छोट्याशा संग्रहालयात रोमन दालन उघडलं, आणि वस्तूंपेक्षा किस्सेच जास्त जमायला लागले. वस्तूंना निदान काचेची कपाटं आहेत. किस्से ठेवायचे कुठे? मी तिथला गाइड, त्यामुळे सगळे माझ्याच पदरात!

*

सदाशिव पेठेतल्या एक काकू मेड्युसाच्या मुखवट्यापुढे थांबल्या.

मी म्हटलं, "हिला केसांऐवजी साप. हिच्याकडे पाहील तो दगड होतो! नको ती माणसं लांब राहावीत म्हणून रोमन लोक हा मुखवटा दारावर लावायचे."

"आम्ही 'बेल एकदाच वाजवावी' लावतो," काकू म्हणाल्या. "तेवढं पुरतं."

*

मार्केट यार्डातले एक द्राक्षांचे व्यापारी. पेल्यावर कोरलेला मद्याचा देव बॅकस, हातात द्राक्षांचा घड. ते बराच वेळ वाकून बघत होते. मला वाटलं, कलेत रमले!

सरळ होत म्हणाले, "देव झकास आहे. माल मात्र एक्स्पोर्टचा नाही!"

*

कर्वेनगरच्या कॉलेजची मुलं आली होती. एका दिव्यावर बैलाच्या पाठीवर बसलेली राजकन्या युरोपा आहे.

"हा बैल म्हणजे वेश बदललेला देवांचा राजा ज्युपिटर. तिला समुद्रापार पळवून नेतोय!" मी रंगात येऊन सांगितलं.

मागून एक मुलगी म्हणाली, "म्हणून बसायच्या आधी ड्रायव्हरचा फोटो मॅच करायचा असतो, सर!"

*

आणि आमची क्युरेटर सारिका, नागपूरची. दालन उघडायच्या आधी गोदामात ब्राँझच्या सुरईची एक मूठ पडून होती, हिरव्या गंजाने भरलेली. त्यावर सापांशी झुंजणारं बाळ. जुनी पाटी: 'बाळकृष्ण'.

सारिका म्हणाली, "हा हर्क्युलिस! ज्युनो देवीने पाळण्यात दोन साप सोडले, ते याने दोन मुठींत आवळले. शेजारी जुळा भाऊ होता, तो घाबरून रडत सुटला."

बाहेरून बोलावलेले तज्ज्ञ हसले. "मॅडम, आपल्याकडे साप आणि बाळ म्हणजे कृष्णच. ही मूठ रोमन म्हणून मांडलीत तर हसं होईल."

सारिकाचा चेहरा उतरला. पण दुसऱ्या दिवसापासून ती भिंग घेऊन बसली आणि सुईच्या टोकाने कणाकणाने गंज काढत राहिली.

उद्घाटनाला तेच साहेब आले. मूठ दालनाच्या मधोमध. साफ झालेल्या कोपऱ्यात दुसरं बाळ, तोंड वासून मागे सरकणारं!

साहेबांनी वाकून दोन्ही बाळं पाहिली. मग सगळ्यांसमोर त्यांनी टाळ्या वाजवल्या. "जिंकलात, मॅडम! पण हा दुसरा मला तेव्हा दिसला कसा नाही?"

"भित्रा आहे जी तो," सारिका म्हणाली. "तज्ज्ञ गेल्यावर बाहेर आला!"