दूधभाऊ

रक्तात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्यात, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते. समोरच्या अंगणात एक बाई वाळत घातलेले बांगडे उलटत होती. कॅन्सर हा शब्द त्यांनी नंतर उच्चारला, तेव्हाही मला काही वाटलं नाही. पोटात डावीकडे पानथरी सुजून टणक लागायची, रोज ताप यायचा. त्या सगळ्याला एक नाव मिळालं, एवढंच. रडायचं काम आईने केलं. नवरा जहाजावर होता, त्याला इतक्यात कळवू नका म्हणून मीच सांगितलं.

मुंबईच्या एका डॉक्टरांनी निरोप पाठवला. परदेशात म्हणे सख्ख्या भावंडाच्या हाडातला मगज सुईने काढून रोग्याच्या अंगात घालून बघतात. इकडे कुणी केलेलं नाही, गुण येईलच असंही नाही. पण सख्खा भाऊ असेल तर घेऊन या, करून बघू. आई लगेच म्हणाली, "हाय ना भाव."

मी तिला एकुलती एक.

तिच्या मनातला भाऊ जयगडला मचवा हाकणारा तांडेल होता. आम्ही दोघं एकाच महिन्यात जन्मलो. शेजारीच राहणारी त्याची आई बाळंतपणात गेली, म्हणून माझ्या आईने त्याला माझ्याबरोबर अंगावर पाजलं. मग आजोळची माणसं त्याला जयगडला घेऊन गेली आणि ही गोष्ट आम्हाला सांगायची कुणाला गरजच वाटली नाही. वयात आल्यावर तो मचवा घेऊन रत्नागिरीच्या बंदरात यायला लागला. आमच्या दारावरून जायचा. मी बघायचे, तोही बघायचा. त्याच्या घरून मागणी आली तेव्हा कुठे आई पांढरीफटक पडून बोलली. एका दुधाचे म्हणजे भाऊबहीण, निकाह हराम. विषय संपला. मी त्याला भाई म्हणायचं ठरलं. पुढे दोघांचीही लग्नं झाली, त्याला पोरं झाली. ईदला येऊन तो मला ईदी द्यायचा आणि मी ती मुकाट्याने घ्यायचे.

आईचा निरोप गेला आणि ऐन हंगामात मचवा दुसऱ्याच्या हाती देऊन तो आमच्याकडे राहायला आला. मगज द्यायचा तर आधी मगज भरला पाहिजे, असा आईचा हिशेब. खाटकाकडून रोज नळ्या यायच्या. तो ओटीवर बसून ताटावर नळी ठोकायचा आणि चोखायचा. त्या वासाने मला उमासे यायचे.

"किती खाशील रे?" मी एकदा वैतागून म्हटलं.

"तुज्याच वाट्याचा खातंय," तो म्हणाला आणि पुढची नळी उचलली.

आईने माझी खोली चुन्याने रंगवली, चादरी उकळल्या, ट्रंक भरली. पावसाळ्यात आगबोट बंद व्हायच्या आत मुंबई गाठायची होती. मला बसवतील तिथे मी बसायचे. जगायचं होतं मला, हे खरं. पण ते दुसऱ्या कुणासाठी चाललंय असं वाटायचं.

निघायच्या आधी आम्ही तिघं मुंबईसाठी चिठ्ठी घ्यायला इथल्या डॉक्टरांकडे गेलो. भाईने आत शिरतानाच सदऱ्याची बाही वर सारली होती.

"सख्खे ना? आईवडील एकच?" डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं.

"माज्याच दुधाचा हाय," आई म्हणाली.

त्यांनी टाक खाली ठेवला. पुन्हा खोदून विचारलं, मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, दुधाने काही होत नाही. पोटचा हवा. या दोघांचं रक्ताचं नातं नाही. मगजाच्या दृष्टीने हे परकेच."

आईने हुज्जत घातली. धर्म मानतो, सगळा मोहल्ला मानतो. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"कायच नाय?" भाईने विचारलं.

"काहीच नाही."

बाहेर पायरीवर बैलगाडीची वाट बघत बसलो. मुंबईला जाणं आता मिटलं होतं. त्याचं दुःख व्हायला हवं होतं, झालंही असेल. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला काहीतरी नीट जाणवलं, आणि तो राग होता.

"मग तेव्हा आमचं काय म्हणून मोडलंस?" मी आईला विचारलं.

ती माझ्याकडे बघेना. भाईकडे बघत राहिली. "त्या डाक्टरला काय कळतं? भाव हाय तो तुजा," ती म्हणाली, पण आवाज तिचा राहिला नव्हता.

भाईने बाही खाली ओढून बटण लावलं आणि तिच्याजवळ सरकून बसला.

"होय आय. भावच हाय मी."

मग तिने माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांवर माझे दिवस किती निघतील ते कुणालाच माहीत नव्हतं. माझ्यामागे आमचं मोडल्याचं हे ओझं घेऊन तिला एकटीला जगायचं होतं.

"भावच," मी म्हटलं.