ओट्यावर वाचलेली कादंबरी

पुस्तक हातात देण्याआधी मी मुलांना एकच प्रश्न विचारते: शेवटचा राग कोणाचा आला होता? काय वाचायला आवडते असे विचारले, की चौदा-पंधरा वर्षांची मुले शहाण्यासारखी उत्तरे देतात. कोणी रहस्यकथा म्हणते, कोणी विज्ञान, आणि बाईंना बरे वाटावे म्हणून एखादा थोरांचे चरित्रही मागतो. रागाबद्दल विचारले की ती आधी पायाच्या अंगठ्याकडे बघतात आणि मग जे सांगतात, त्यात त्यांचे पुस्तक दडलेले असते.

पिंपळनेरच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवते, तिथल्या ग्रंथालयातले एक कपाट माझ्याकडे आहे. त्याचे दार उघडले की डांबरगोळी, डिंक आणि नव्या कागदाचा मिळून एक वास बाहेर येतो, उन्हाळ्यात जरा तिखट, पावसाळ्यात ओलसर. या कपाटात कुमारवयीन मुलांसाठीच्या कादंबऱ्या आहेत. लहानांच्या गोष्टी संपल्यावर आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या पेलण्याआधी जे वय येते, त्या वयासाठी लिहिलेल्या. वडिलांनी म्हैस विकली म्हणून धुमसणाऱ्या एका मुलाला मी समुद्रावरची कादंबरी दिली होती. म्हशीची गोष्ट त्याला नकोच होती, त्याला घरापासून लांब जायचे होते. आठवड्याने तो पुस्तक घेऊन आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत खारा वारा होता. माझा अंदाज क्वचित चुकतो. सोनार बोटांवर घेऊन दागिन्याचे वजन ओळखतो, तसे हे काम आहे. हाताला सवय लागली की जमते.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर, परीक्षा संपल्यावर, नववीतली एक मुलगी कपाटापाशी आली. पिंपळनेरजवळच्याच एका खेड्यातून ती बसने यायची. वर्गात ती कविता वाचू लागली की मागच्या बाकांवरची कुजबुज आपोआप विरायची. आवाज असा, की नव्या मडक्यातले पाणी ओतावे. तिला मी माझा प्रश्न विचारला.

"ताईचा," ती म्हणाली.

"का गं?"

"लग्न झाल्यापासून फोनवर नुसतं 'जेवलीस का' विचारते. आधी आम्ही एका गोधडीत झोपायचो. आता परक्यासारखी बोलते."

मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. वरच्या खणात दोन बहिणींची एक कादंबरी होती. थोरली लग्नानंतर काही दिवस माहेरी येते आणि कोणाशी धड बोलत नाही. धाकटी तिच्यावर रुसते, तिचा पाठलाग करते, तिचे मौन उकलू पाहते. एका प्रकरणात थोरली अखेर बोलते. ते प्रकरण मी स्वतः किती वेळा वाचले असेन. पुस्तक मी त्या मुलीच्या हातात ठेवले ते, तिने दार लोटून एकटीने वाचावे म्हणून. मी दीपनगरच्या वसाहतीत वाढले. वीज केंद्राची अखंड घरघर, खिडकीच्या गजांवर राखेची मऊ साय, आणि बंद खोलीत मी आणि पुस्तक. वाचणे म्हणजे माझ्या लेखी हेच होते.

आठवडाभरात ती परतली. पुस्तक तिने ओढणीच्या टोकात धरले होते.

"मॅडम, हे बदलून द्या."

"वाचून झालं?"

"नाही. दुसरं द्या. ज्यात घरातलं काही नसेल असं. प्राण्यांचंही चालेल."

मी पुस्तक हातात घेतले. पानांना चिंचेचा वास येत होता. मुखपृष्ठावर बसच्या खिडकीत बसलेल्या मुलीचे चित्र होते, आणि त्या मुलीच्या कपाळावर नीट मध्यभागी हळदीकुंकवाची बोटे उमटलेली होती.

मग तिने सगळे सांगितले. तिच्या घरात पुस्तक म्हणजे पोथी. श्रावणात पोथी वाचायची ती हिनेच, कारण साऱ्या गल्लीत हिचा आवाज स्वच्छ. घरातला शब्द चालतो तो अक्कांचा, म्हणजे तिच्या मोठ्या काकूंचा. दुपारी ओट्यावर बसून हिने कादंबरी उघडली, तेव्हा अक्का म्हणाल्या, मनातल्या मनात काय वाचतेस, मोठ्याने वाच. पोथीच्या रीतीप्रमाणे पुस्तकाला हळदीकुंकू लागले. शेजारणी आपापल्या चिंचांच्या टोपल्या घेऊन आल्या. पोथीचा नियमही कादंबरीला लागू झाला: रोज एक अध्याय, आणि अध्याय संपेपर्यंत कोणी उठायचे नाही.

"आवडत होतं सगळ्यांना," ती म्हणाली. "मग मी पुढचं पान आधीच बघून ठेवलं. थोरली जिथे बोलते ते. आई समोर बसलेली, तिला ताईच आठवली असती. मी तेवढं गाळलं आणि पुढचं वाचलं."

"कोणाला कळलं नाही ना?"

"अक्कांना कळलं. म्हणाल्या, 'का व, काल ती पोर वट्टावर बठेल व्हती, आज एकदम बसमा कशी? मधलं काय खाई टाकं?'"

तिने अक्कांची त्यांच्या अहिराणीत नक्कल इतकी हुबेहूब केली, की मला हसू आले. ती मात्र हसली नाही. जे पोरीला आईसमोर वाचवत नाही, ते वाईटच असणार, असा अक्कांचा निवाडा होता. त्या कपाटातले पुस्तक यापुढे घरात यायचे नाही. आणि गल्लीतल्या इतर मुलीही तिथूनच पुस्तके नेतात, तर त्यांच्या आयांनाही सांगायचे.

"तुम्ही प्राण्यांचं दिलंत तर मी म्हणेन, मॅडमनी चुकून दिलं होतं. मग पुस्तकं बंद नाही होणार." तिचा आवाज बारीक झाला. "मॅडम, मला बंद करायची नाहीत."

मी पुस्तक बदलून दिले नाही. गाळण्यासारखे त्यात काही नाही, हे मला पक्के ठाऊक होते. आणि ते गाळलेलेच राहिले, तर त्या ओट्यावर ते कायमचे वाईट ठरणार होते. मी म्हटले, "मी तुझ्या घरी येते. ते प्रकरण अक्कांपुढे वाचून होऊ दे. तुला नको वाटलं तर मी वाचेन."

"उद्या ताई येतेय आखाजीला."

"मग तिच्यासमोर नको वाटेल?"

तिने कपाटाच्या कडीशी जरा वेळ चाळा केला. "तुम्ही वाचलं तर अक्का म्हणतील, मॅडम गोड करून वाचतात," ती म्हणाली. "मीच वाचते. तुम्ही नुसत्या बसा."

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे ती सासरी गेलेल्या लेकींची. मी गावात उतरले तेव्हा कडुनिंबाला झोके लागले होते आणि त्यांचे दोर फांदीवर घासून कण्हत होते. ऊन असे, की सावलीलाही कड होती. ओटा नुकताच सारवलेला, त्यावर पोती अंथरून चार-पाच बायका चिंचा फोडत बसल्या होत्या. दगडावर चिंच ठेचली जाई, अंगठ्याने चिंचोका निसटे आणि डब्यात टणकन पडे. सगळ्या हवेला एक आंबट, तपकिरी चव होती. खांबाला टेकून एक तरुणी बसली होती. हातात हिरवा चुडा, मनगटापर्यंत चिंचेचा गर. तीच ताई. धाकटीने तिच्याकडे पाहिले नाही.

अक्का उंच, सडपातळ, पांढऱ्या भुवयांच्या. त्यांनी मला पाट दिला, पाणी दिले आणि मग थेट विचारले, "मॅडम, इतलं पुस्तक ऐकं आम्ही. ह्यामा देव कोठे शे?"

"देव नही ते नही, अक्का," कोपऱ्यातली शेजारीण मान वर न करता म्हणाली, "सासू ते शे ना."

बायका खळखळून हसल्या. अक्कांच्या ओठांचा कोपराही हलला, पण त्यांनी मला सोडले नाही. मी म्हटले, "अक्का, ही पोथी नाही. या वयाच्या मुलींसाठी लिहिलेली गोष्ट आहे. पण आईसमोर वाचू नये असं यात काही नाही. राहिलेलं ऐका. मग तुम्ही म्हणाल ते."

"वाच व," अक्का मुलीला म्हणाल्या. "आते खाजो नको काही."

तिने ओढणीने हात पुसले आणि पान उघडले. सुरुवातीला आवाज श्रावणातला होता: सरळ, चढ-उतार ठरलेला, प्रत्येक वाक्य समईसारखे जागच्या जागी. मग थोरली बोलू लागली आणि आवाजाची चाल बदलली. कादंबरीतली थोरली धाकटीला सांगते, की ती रागावलेली नाही. सासरी तिला कोणी छळतही नाही. पण तिथे ती सकाळपासून नुसती ऐकत असते, आणि इथे आल्यावर बोलायला तोंड उघडले, तर सगळे इतके बाहेर येईल, की परतीच्या बसमध्ये चढायला बळ उरणार नाही. म्हणून ती जेवण, पाणी, ऊन एवढ्यावरच बोलते.

दगडावरची ठेचाठेच थांबली होती. खांबापाशी बांगड्या वाजल्या. ताईने मांडीवरची टोपली बाजूला ठेवली.

"पाणी आनस," ती पुटपुटली आणि उठू लागली.

"बठ," अक्का म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. श्रावणात लहान पोरे चुळबुळ करतात तेव्हा लागतो तेवढाच. "अध्याय अर्धा सोडाना नही. व्हवू दे."

नियम तो नियम. ताई पुन्हा टेकली. आता तिला तोंड लपवायला जागा नव्हती, चिंचेने माखलेले हात पदराला लावता येत नव्हते, आणि डोळ्यांतले पाणी तसेच हनुवटीपर्यंत आले. धाकटीने ते पाहिले. तिचा आवाज एका शब्दावर अडला. मी हात पुढे करणार होते. तिने मान हलवली आणि पुढे वाचले, सावकाश, जणू शब्द उचलून एकेक समोरच्या मांडीवर ठेवत होती. शेवटची ओळ आली, आणि तिने रीतीप्रमाणे पुस्तक कपाळाला लावले. हे मात्र कोणी तिला सांगितले नव्हते.

मग अक्का ताईकडे वळल्या.

"तुन्हं बी असंच शे का व?"

"नही अक्का. घर चांगलं शे."

"मंग हिनासंगे का बोलत नही? पोर तोंड फुगाई बठस."

ताईने मनगटाने गाल पुसला. गालावर चिंचेची रेघ उमटली. "फोन तुम्ही स्पीकरवर ठेवतस, अक्का. बठ्ठा वट्टा ऐकस. मी तिले काय सांगू? जेवनी का, इतलंच ईचारस मंग."

कोपऱ्यातली शेजारीण हसायला लागली आणि मध्येच थांबली. मुलीच्या आईने डब्यातले चिंचोके उगाच हाताने सारखे केले. धाकटी पुस्तकाच्या कडेवरून बहिणीकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी घट्ट हळूहळू सुटत चालले होते.

अक्कांनी हात धुतले, कोरडे केले, पुस्तक मागून घेतले. मला वाटले, निवाडा आता ऐकायला मिळणार. मी न घाबरता थांबले, कारण त्या प्रकरणाने आपले काम केलेले मला दिसत होते. त्यांनी मुखपृष्ठावरचे कुंकू पदराच्या टोकाने पुसून टाकले. जरासे फिकट राहिलेच.

"हाई पोथी नही शे," त्या म्हणाल्या, आणि पुस्तक धाकटीकडे दिले. "पुढलं तू मनमा वाच. घरमा जाईसन. दार लोटी ले."

"अन् आमले कसं समजी पुढे काय व्हयनं ते?" शेजारणीने तक्रार केली. "ती परत गई का नही गई?"

"तुले मॅडम दुसरं देतीन." मग अक्का माझ्याकडे वळल्या, आणि कपाटापाशी उभ्या राहिलेल्या कोणत्याही मुलीने मला असे नेमके मागणे आजवर केले नव्हते. "वट्टासाठे एक द्या. मोठ्यानं वाचाले बरं पाहिजे. रडानं बी चाली, पन बठ्ठासनी मिळीसन रडानं असं. अन् पोरनं पोरले न्यू द्या. तिन्हं आमले नको."

ओट्यासाठी कादंबरी निवडायची, म्हणजे कानांसाठी निवडायची. लांब वाक्ये दुपारच्या उन्हात वितळतात; जिथे माणसे बोलतात ती पाने ओट्याला मानवतात. मी ते तिथल्या तिथे ठरवले आणि अक्कांना शब्द दिला. त्या उन्हाळ्यापासून माझ्या कपाटातून त्या घरी दोन पुस्तके जातात, एक ओट्यासाठी आणि एक धाकटीसाठी. गल्लीतल्या इतर मुलींच्या घरी अक्का जे सांगणार होत्या, ते त्यांनी सांगितले नाही. उलट शेजारणीची मुलगी जूनमध्ये आली, ती आईसाठीही एक मागतच.

त्या दिवशी बसला वेळ होता म्हणून मी निघताना आत डोकावले. दार लोटलेले होते, पण पुरते लागलेले नव्हते. खाटेवर दोघी बहिणी पोटावर पालथ्या पडल्या होत्या. वर पंख्याची संथ घरघर, खाली त्यांच्या दोन वेण्या, आणि मध्ये उघडे पुस्तक. कोणीही मोठ्याने वाचत नव्हते. धाकटीचे पान केव्हाच वाचून झाले असावे; तिचे डोळे शेवटच्या ओळीच्या खाली, कोऱ्या जागेवर स्थिर होते. पानाच्या कोपऱ्याला बोट लावून, ताईचे वाचून होईपर्यंत ती थांबली होती.