मनकर्णाबाईंचे दोन खांब

मनकर्णाबाईंना बसलेलं कॉलनीत फारसं कुणी पाहिलं नव्हतं. दवाखान्यात नंबर येईपर्यंत त्या दाराशी उभ्या राहायच्या. बारशाला गेल्या तर पाळण्याची दोरी ओढून उभ्याउभ्याच घुगऱ्या घेऊन निघायच्या. टीव्हीवरच्या बातम्या त्या स्वयंपाकघर ते व्हरांडा अशा फेऱ्या मारत ऐकायच्या. लोक म्हणत, बाईंच्या पायाला भिंगरी आहे.

त्यांची आई वेगळं सांगायची. पोलीस ॲक्शनच्या साली, भादव्यात, रझाकार येणार अशी आवई उठली आणि कन्नडजवळच्या त्यांच्या खेड्यातल्या बाया उभ्या ज्वारीत जाऊन लपल्या. आई पोटुशी होती. "दिवसभर मी हलले नाय," ती म्हणायची. "ज्वारीचं एक ताट हललं असतं तरी कळलं असतं. माझं सगळं हलणं तुझ्यात उतरलं बघ." चौथ्या दिवशी बाई जन्मल्या. आईचं हे बोलणं बाईंनी कधी हसण्यावारी नेलं नाही. अंगातली ही तगमग आपली नाहीच, कुणी तरी ठेवायला दिलेली आहे, असं त्यांना वाटत असे.

छत्तीस वर्षं त्यांनी मुलींना खो-खो शिकवला. शाळा सिडकोत आली तेव्हा शाळेला मैदान होतं. मग एकेक तुकडी वाढली, एकेक खोली वाढली आणि मैदान खोल्यांच्या पोटात गेलं. शेवटी प्रार्थना जिन्यावर होऊ लागली, पाचवी खालच्या पायरीवर, दहावी वर. बाईंनी मुलींना मागच्या फाटकातून बाहेर काढलं आणि रस्त्यापलीकडच्या कॉलनीत नेलं. तिथं ओपन स्पेस होता. नकाशात त्यावर 'उद्यान' लिहिलेलं होतं. जमिनीवर रुई, काचा आणि एक मोडकी बैलगाडी होती. मुलींनी महिनाभर खडे वेचले. बाईंचा नवरा बद्रीनाथ एसटीत कंडक्टर होता. सासऱ्याच्या मोडलेल्या गोठ्यातल्या दोन सागवानी मेढी त्यानं कन्नडच्या गाडीच्या टपावर टाकून आणल्या, रंध्यानं गोल केल्या, आणि मैदानाच्या दोन टोकांना खो-खोचे खांब म्हणून स्वतः खड्डे घेऊन पुरल्या. पुढं तो गेला. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली. बाई रिटायर झाल्या. खांब तिथंच राहिले, आणि बाई रोज पाच वाजता पांढऱ्या फक्कीचं घमेलं घेऊन तिथं जात राहिल्या. त्यांना दुसरीकडं कुठं जायचं ते माहीत नव्हतं.

नानासाहेब हे कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष. मूळचे सिल्लोडचे, शेतीखात्यातून रिटायर झालेले, शांत माणूस. श्रावणात एका संध्याकाळी ते मैदानाच्या कडेला आले आणि खेळ संपेपर्यंत थांबले.

"बाई, एक सांगायचं होतं. तुम्हाला मागाहून कळण्यापरीस मीच सांगतो. नगरसेवक या जागेला सिमेंटचे गट्टू, ते पेव्हर ब्लॉक, बसवून देतो म्हणतोय. चालायला ट्रॅक, बाकडी, एक शेड. कॉलनीचा ठराव लागतो."

"आणि पोरी?"

"पोरी शाळेच्या आहेत. शाळेनं बघावं."

"शाळेत जिना आहे नुसता, नाना."

"मग काय आम्ही चिखलात पडावं?" नानांचा आवाज चढला नाही. "गेल्या पावसाळ्यात आमच्या घरच्या, द्वारकाबाई, इथंच घसरल्या. खुबा मोडला. सहा महिने खाटेवर. आता त्या फाटकापर्यंत येतात आन् माघारी फिरतात. तुमच्या पोरींना पळायचंय, आम्हाला नुसतं चालायचंय. आमची मागणी फिजूल आहे का?"

फिजूल नव्हती. म्हणूनच बाईंना त्या रात्री भाकरी गोड लागली नाही.

सभा महिन्याच्या चौथ्या रविवारी ठरली होती. घराला एक मत, हात वर करून. बाई दुसऱ्या दिवसापासून दारोदार निघाल्या. चहा घेतला नाही, खुर्ची घेतली नाही. त्या काही समजावून सांगत नसत. एवढंच म्हणायच्या, "हात वर करायला यायचंय." कॉलनीतल्या निम्म्या सुना त्याच शाळेतून गेलेल्या. तीन दिवसांत एकेचाळीस घरांनी शब्द दिला. नानांची सून शैलासुद्धा, घराचं मत सासऱ्याच्या नावावर असून.

शैला एकेकाळी बाईंची सगळ्यात चपळ खेळाडू. जिल्ह्याच्या सामन्यात तिनं खांबाला गिरकी घेऊन शेवटचा गडी मारला होता. आता ती दोन पोरांची आई होती, आणि बाई आल्या तेव्हा मिरच्यांचे देठ काढत होती.

"नाना हात वर करतील एका बाजूला, मी करीन दुसऱ्या. एका घराचे दोन हात. बघू कुणाचा मोजतात."

"घरात भांडण नको गं."

"भांडण कशाला? खेळ आहे. तुम्हीच शिकवला."

चौथा रविवार अकरा दिवसांवर होता. हे अकरा दिवस बाईंना निभेनात. शब्द शिळा होतो. आज हो म्हणणारी उद्या माहेरी जाईल, परवा तिच्या घरात कुणी आजारी पडेल, कुणाचा नवरा नानांच्या ओट्यावर बसून मत बदलून येईल. सकाळी उठून त्या एकेचाळीस नावं मनात म्हणायच्या, दुपारी परत म्हणायच्या, आणि एखादं आठवलं नाही की त्या घरावरून एक चक्कर टाकून यायच्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या नानांच्या फाटकात उभ्या राहिल्या.

"सभा येत्या गुरुवारी घ्या, नाना. साडेपाचला."

नाना ओट्यावर शेंगा फोडत होते. त्यांनी मान वर करून पाहिलं. "गुरुवारी? बघा बरं."

"बघितलं."

"पक्कं?"

"पक्कं."

नानांनी हातातली शेंग फोडली, दाणे खाल्ले, टरफल बाजूला ठेवलं. "तुमच्या मनासारखं होऊ द्या. तुमच्या सांगण्यावरून बदलली असं फळ्यावर लिहितो."

त्या कॉलनीत वार दोनच होते, नळाचा आणि बिगरनळाचा. जायकवाडीचं पाणी तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी, पाऊण तास. लग्नाची तिथी, डोहाळजेवण, पाव्हण्यांचं येणं, सगळं नळ बघून ठरायचं. मेलेल्या माणसाचा दहावा तेवढा नळाला जुमानत नसे. पण बाईंच्या घरात ही मोजणी उरली नव्हती. अंगणातल्या हौदाची तोटी त्यांनी कायमची उघडी ठेवली होती. पाणी यायचं, हौद आपला आपण भरायचा. एका माणसाला तो आठ दिवस पुरायचा. पाणी कधी आलं आणि कधी गेलं, हे बद्रीनाथ गेल्यापासून त्यांना कळलेलंच नव्हतं.

शैला फळ्यापाशी थांबली होती, हे नंतर कळलं. गुरुवार तर नळाचा. पण तारीख बाईंनी मागून घेतली म्हटल्यावर तिला वाटलं, बाईंनी बघितलं असणारच. लाईट गेली असेल, पंप बंद असेल, पाळी शुक्रवारवर गेली असेल, आपल्यालाच खबर नाही. एकेचाळीस घरांत सगळ्यांना असंच वाटलं. बाईंवर भरवसा टाकायची छत्तीस वर्षांची सवय होती.

गुरुवारी साडेपाचला बाई मैदानात उभ्या होत्या. संघाच्या सतरा खुर्च्या मांडल्या होत्या, त्यावर सतरा म्हातारे. त्यांच्या घरी पाणी भरायला सुना होत्या. बाकी मैदान मोकळं. पावणेसहा झाले. बाई रस्त्याच्या टोकाला जाऊन आल्या. परत गेल्या. तिसऱ्यांदा जाताना त्यांना आवाज ऐकू आला. आधी एका घरातून, मग रांगेनं सगळ्या घरांतून: मोटारींची घरघर, बादल्यांचे खणखणाट, "पाइप धर गं" अशा हाका. कॉलनीभर पाणी आलं होतं.

 बाई फाटक न वाजवता पहिल्या घरात शिरल्या.

"चला."

"बाई, पाणी आलंय ना. आलेच हे भरून."

"आत्ता चला."

"तीन दिवसांचं पाणी आहे, बाई."

बाई पुढं निघाल्या. दुसऱ्या घरात तेच, सहाव्या घरात तेच. कुणी खोटं बोलत नव्हतं. बाई मैदानात परतल्या तेव्हा नाना उभे होते. "अजून दहा मिनिटं थांबू," ते म्हणाले, आणि खरोखर घड्याळ लावून दहा मिनिटं थांबले. मग हात मोजले. गट्टूंच्या बाजूनं पंधरा, विरुद्ध तीन. त्यातला एक बाईंचा, दोन खुर्चीवरचे, ज्यांच्या नाती खेळायच्या. रजिस्टरवर सह्या झाल्या.

साडेसहा उलटल्यावर पाणी गेलं आणि बाया धावत आल्या. निऱ्या खोचलेल्या, कोपरापर्यंत हात ओले. तीसेक तरी असतील. शैला सगळ्यात पुढं.

"नाना, मोजा आता."

"ठराव झाला, पोरी."

"पाणी आलं होतं."

"मला ठाऊक आहे." नानांनी रजिस्टर मिटलं. "तारीख मी धरली नव्हती."

सगळ्यांनी बाईंकडं पाहिलं.  बाईंच्या हातात फक्कीचं घमेलं होतं, ते त्यांनी एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही.

शैला जवळ आली. हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "खो मिळायच्या आधीच उठलात, बाई."

छत्तीस वर्षं बाईंनी दर संध्याकाळी मुलींना हेच वाक्य ऐकवलं होतं. आठ जणी ओळीत बसतात, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. मागं कोण पळतंय ते दिसत नाही. पाठीवर हात पडून खो ऐकू येईपर्यंत बसून राहायचं. ह्या खेळात पळणं सोपं असतं. अवघड असतं ते बसणं. बाई स्वतः कधीच खेळल्या नव्हत्या. त्यांच्या खेड्यात मुलींचा खो-खो नव्हता.

गट्टूंची गाडी दसऱ्यानंतर आली. अर्ज करा, फेरसभा मागा, असं लोक सांगत होते. एक अर्ज झालाही, त्याला पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. ढीग मैदानाच्या एका कडेला पडला. तरी चार दिवस मुली खेळल्या. पाचव्या दिवशी मुकादमानं सांगितलं, उद्या जेसीबी येणार, खांब तुटतील.

बाईंनी पहार घेतली. बद्रीनाथनं खांब खोल पुरले होते. मुली आळीपाळीनं खणत होत्या, बाई मधे कुणाला नुसतं उभं राहू देत नव्हत्या. दुसरा खांब निघाला तेव्हा बुडाशी ओली माती चिकटून आली आणि त्या मातीत एसटीच्या तिकिटांची एक आख्खी गड्डी निघाली, कुजून काळी झालेली. का पुरली होती कोण जाणे. खांब हलू नये म्हणून पाचर मारली असेल. बाईंनी ती चिमटीत धरली, बोटांत तिचा चिखल झाला. हात त्यांनी पदराला पुसला.

"कुठं न्यायचे, बाई?" एका मुलीनं विचारलं.

जलकुंभाच्या मागं एक प्लॉट होता. नकाशात त्यावर 'समाजमंदिर' लिहिलेलं होतं. जमिनीवर बाभळी आणि बांधकामाचा राडारोडा. तो किती दिवस मोकळा राहील, कुणाला ठाऊक.

"आधी उचला तरी," बाई म्हणाल्या.

चार मुलींनी एक खांब खांद्यावर घेतला. दुसऱ्याला तिघीच उरल्या, आणि चौथा खांदा बाईंचा. गुडघा कुरकुरत होता. कॉलनीच्या मधल्या रस्त्यानं ती दोन लाकडं निघाली. पाणी आलेलं होतं. फाटकाफाटकाशी बाया पाइप धरून उभ्या होत्या, आणि बाई गेल्या की मान खाली घालत होत्या. बाईंनीही इकडंतिकडं पाहिलं नाही. आज नळाचा दिवस आहे, हे त्यांना सकाळपासून ठाऊक होतं. आता त्या रोज मोजत होत्या.

नानांच्या फाटकापाशी मागची मुलगी अडखळली आणि खांब तिरका झाला.

"थांबा," शैला म्हणाली. तिच्या हातात पाइप होता, पुढं टाकी अर्धी.

"पाणी भर तू," बाई म्हणाल्या. "तीन दिवसांचं आहे."

शैलानं पाइप खाली टाकला. तो फरशीवर साप उलटावा तसा उलटला आणि पाणी फाटकाखालून रस्त्यावर आलं. तिनं निऱ्या खोचल्या, बाईंच्या खांद्याखालून खांब काढून आपल्या खांद्यावर घेतला.

"तुम्ही पुढं व्हा. कुठला दगड कुठं आहे ते बघा."

बाई पुढं झाल्या. चार पावलांवर त्यांनी मागं पाहिलं. नानासाहेब ओट्यावरून उतरत होते. आयुष्यात कधी पाणी न भरलेल्या माणसानं वाकून पाइप उचलला. धार आधी त्यांच्या धोतरावर गेली, मग भिंतीवर. टाकीचं तोंड सापडायला त्यांना वेळ लागला. दारात काठी टेकून उभ्या असलेल्या द्वारकाबाई म्हणाल्या, "अहो, वर धरा."